चूक कोणाची, हे विचारणे कायद्याने कधी सोडले?

इंग्लंडात एका खाटकाकडे कामाला असलेला चार्ल्स प्रीस्टली मालकाच्या गाडीतून माल पोचवायला निघाला. गाडी अतोनात भरलेली होती. ती मोडली आणि प्रीस्टलीच्या मांडीचे हाडही मोडले. ज्युरीने त्याला 100 पौंड दिले. 1837 साली वरच्या न्यायालयाने ते रद्द केले. धोका नोकराला दिसत होता, तो नाही म्हणू शकला असता, असा निकालाचा रोख होता. पोटासाठी राबणारा माणूस मालकाला ‘नाही’ म्हणू शकतो, हे गृहीत धरणेच मुळात निर्दय होते. पुढे याच निकालातून एक सिद्धांत रुजला: सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली, तर मालक जबाबदार नाही. परांची बांधणारा कामगार आणि तिच्यावरून पडणारा गवंडी एकाच मालकाचे असले, की गवंड्याचा दावा तिथेच संपायचा.

ही कोंडी फोडली जर्मनीने. 1884 मध्ये बिस्मार्कच्या सरकारने अपघात विम्याचा कायदा केला. त्याचा पैसा मालकांनी भरायचा, आणि भरपाईसाठी मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. ब्रिटनने 1897 मध्ये तेच तत्त्व घेतले, पण इमारत 30 फुटांहून उंच असेल आणि काम परांचीवरून चालले असेल, अशा अटी घातल्या. वीस फुटी इमारतीवरून पडलेल्याचाही कणा मोडतो, पण त्याला या कायद्यात जागा नव्हती. 1906 च्या कायद्याने दार बरेच रुंद केले.

आपल्याकडे 1855 पासून प्राणांतिक अपघातांचा कायदा होता, पण त्यात चूक शाबीत करावी लागे. ना. म. जोशी केंद्रीय विधिमंडळात कामगारांची बाजू मांडत होते, त्या काळात 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला. तो 1 जुलै 1924 ला लागू झाला. प्रश्न आता एवढाच उरला: अपघात कामामुळे आणि काम चालू असताना झाला का?

या कायद्यातले 12 वे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. बांधकामावर मजूर असतो मुकादमाचा, मुकादम ठेकेदाराचा, ठेकेदार बिल्डरचा. स्लॅब कोसळला की प्रत्येक जण खालच्याकडे बोट दाखवतो. हे कलम सांगते की आपल्या धंद्यातले काम ठेक्याने दिले, तरी भरपाई मूळ मालकाकडे मागता येते. त्याने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी.

कायद्याचा खरा कस लागला ओडिशातल्या जेपूरच्या एका प्रकरणात. 1968 मध्ये चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. हे अंशतः अपंगत्व आहे, असे मालकाचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये ते फेटाळले: एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच. शिवाय भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, असेही ठरले.

नाक्यावरच्या मजुराला मात्र दीर्घकाळ थांबावे लागले. नैमित्तिक कामगाराला वगळण्याची वाट कायद्यात होती. ती 2000 च्या दुरुस्तीने बंद झाली. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हा सारा कायदा आपल्यात सामावून घेतला.

तुमच्या ओळखीत कोणी बांधकामावर जखमी झाले किंवा दगावले, तर घाईने दिलेली रोकड घेऊन कोणत्याही कागदावर अंगठा उठवू देऊ नका. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्यापुढे टिकत नाही, पण तो कागद कुटुंबाला घाबरवून घरी बसवतो. हजेरीची वही, मजुरी दिल्याचा पुरावा, दवाखान्याचे कागद आणि सोबत्यांची नावे लगेच जमवा. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना तिथे वकील मोफत मिळतो; उत्पन्न कमी असलेल्या इतरांनाही मिळतो.