ओपनबीएसडी : चुका वेचणाऱ्यांचा इतिहास

संगणक-सुरक्षेचा इतिहास बहुधा घरफोड्यांच्या अंगाने लिहिला जातो. भिंतीची डागडुजी करणाऱ्यांची नोंद त्यात क्वचितच येते. कॅनडातील कॅलगरीचे थिओ डी राट हे अशांपैकी एक. नेटबीएसडी या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टिमच्या संस्थापकांपैकी ते. पण सहकाऱ्यांशी खटके उडाले आणि डिसेंबर १९९४ मध्ये त्यांना बाहेर पडावे लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी ओपनबीएसडी उभी केली.

१९९६ पासून या गटाने सिस्टिमचा सारा कोड फाइलमागून फाइल वाचायला घेतला. साधी चूक दिसली तरी ती दुरुस्त करायची. तिच्यातून कोणाला आत शिरता येईल का, हे सिद्ध होण्याची वाट पाहायची नाही. शिवाय एक चूक सापडली की तिची भावंडे इतरत्र हुडकायची. या साऱ्या इतिहासात मला हाच निर्णय सर्वांत मोलाचा वाटतो.

उदाहरणार्थ, सी भाषेतील 'स्ट्रसीपीवाय'. मजकूर एका जागेतून दुसरीकडे उतरवताना दुसरी जागा पुरेल का, हे ते विचारतच नाही. पायलीभर धान्य शेरात ओतावे तसा मजकूर शेजारच्या मेमरीवर सांडतो आणि हल्लेखोर त्या सांडलवणीतच आपल्या आज्ञा दडवतो. टॉड मिलर आणि डी राट यांनी १९९८ मध्ये 'स्ट्रएलसीपीवाय' हा पर्याय दिला. त्याला जागेचे माप सांगावेच लागते. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्लिबसीने तो वर्षानुवर्षे नाकारला आणि स्वीकारला थेट २०२३ मध्ये! माप विचारण्यात एवढे वादग्रस्त काय होते, हे आज सांगूनही पटत नाही.

तरीही वाचन पुरे पडले नाही. मूळ मांडणीत दूरवरून शिरता येईल असे एकही भगदाड नाही, हा ओपनबीएसडीचा दावा जून २००२ मध्ये मोडला, तोही ओपनएसएसएच या त्यांच्याच प्रोग्रॅममुळे. दाव्यात 'फक्त एक' अशी दुरुस्ती झाली. २००७ मध्ये 'दोन' करावे लागले.

दरम्यान, चुका उरणारच असे धरून बांधणीही सुरू झाली होती. नील्स प्रोव्होस यांनी ओपनएसएसएचचे दोन भाग केले. बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या भागाकडे जवळजवळ कोणतेच अधिकार ठेवले नाहीत. २००३ मध्ये नवा नियम आला : मेमरीच्या ज्या पानावर लिहिता येते, तिथला मजकूर आज्ञा म्हणून चालवता येणार नाही. धान्य सांडेल, पण उगवणार नाही. त्याच वर्षी, डी राट यांनी इराक युद्धाविरुद्ध वृत्तपत्रात मत मांडल्यानंतर, अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडून येणारा निधी थांबला. काम चालूच राहिले. २०१६ मध्ये आलेल्या 'प्लेज'नुसार प्रोग्रॅम आपण काय काय करणार हे आधीच जाहीर करतो, आणि त्यापलीकडे पाऊल टाकताच कर्नल त्याला तिथेच ठार करतो.