उपनगरांतला मेंदूज्वर आणि हरपलेले कान

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्यावरील आवरणांना जिवाणूंमुळे येणारी सूज, म्हणजे मेंदूज्वर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारांतला एक अतिशय घातक प्रकार, लहान मुलाला काही तासांत अत्यवस्थ करू शकतो. त्यामुळे मुंबईच्या उपनगरांतील या आजाराचा इतिहास औषधांचा आहे तितकाच अंतराचाही आहे. 1928 साली बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धावू लागली आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा प्रदेश महापालिकेत आला, तरी अशा रुग्णांसाठी नावाजलेली जुनी रुग्णालये शहरातच होती: साथरोगांसाठी 1892 चे आर्थर रोड (आताचे कस्तुरबा) आणि मुलांसाठी परळचे 1929 चे वाडिया. घाटकोपर-मुलुंडकरांना 1947 साली लष्करी बराकींत सुरू झालेले शीवचे रुग्णालय त्यातल्या त्यात जवळ पडे.

तान्ह्या मुलाची टाळू बोटाखाली ताणलेली व फुगीर लागली, की कवटीतील दाब वाढल्याची शंका येते. याच सुमारास आकडी येते, रक्तातील सोडियम उतरते, रक्तदाब कोसळतो, कधी आवरणांखाली द्रव साचतो, तर कधी मेंदूतील पाण्याचा मार्ग तुंबून जलशीर्ष, म्हणजे डोक्यात पाणी साठण्याची अवस्था, उद्भवते. निदानासाठी पाठीच्या मणक्यांतून सुईने पाणी काढण्याची रीत क्विंके या जर्मन वैद्याने 1891 मध्ये रूढ केली. एरवी निवळशंख असणारे हे पाणी गढूळ उतरले, तर दुखणे बहुधा जिवाणूंचेच असते. या सुईने मूल लुळे पडते, ही घरोघरची धास्ती मात्र निराधार आहे, आणि तिच्यापायी होणारा उशीरच अधिक महागात पडतो.

सल्फा औषधे आणि पुढे पेनिसिलिन आल्यावर (पुण्याजवळ पिंपरीच्या सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन 1955 मध्ये सुरू झाले) मुले वाचू लागली, पण वाचलेल्यांपैकी काहींचे कान गेले. सूज आंतरकर्णापर्यंत पोहोचते आणि ऐकू येणे पहिल्या काही दिवसांतच कमी होते; पुढे शंखाकार कर्णनलिकेत हाड धरू लागते, आणि ते वाढल्यास श्रवणयंत्राचे रोपण अवघड होऊन बसते. वांद्रे रेक्लमेशनवर 1983 साली स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय श्रवण संस्थेमुळे उपनगरांच्या उंबरठ्यावरच तपासणीची आणि वाचा-प्रशिक्षणाची सोय झाली. अशा सोयींचे मोल औषधांपेक्षा कमी लेखण्याची आपल्याकडील सवय अनाकलनीय आहे.

हा आजार घडवणाऱ्या जिवाणूंपैकी हिमोफिलस इन्फ्लुएन्झा ‘बी’विरुद्धची लस पंचगुणी लसीतून मिळू लागली आणि न्यूमोकोकसची लस 2021 मध्ये महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात आली. ती सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयांत सरकारी व पालिका केंद्रांत मोफत दिली जाते. या आजारातून उठलेल्या मुलाची श्रवणचाचणी मात्र पालकांनी रुग्णालयातून घरी परतण्यापूर्वी, निदान त्यानंतरच्या चार आठवड्यांत, आग्रहाने करून घ्यावी.