अवजड वाहनांचा सांगाडा, पाटे आणि चाकातील बेअरिंग

‘पाटा तुटल्याने मालट्रक उलटला’ किंवा ‘धावत्या गाडीचे चाक निखळले’ अशी दोन ओळींची बातमी वृत्तपत्रात अधूनमधून येत असते. बातमी तेथेच संपते. पाटा का तुटला, चाक कशामुळे निखळले, हे त्यात नसते. वास्तविक असे अपघात बहुधा एका क्षणात घडत नाहीत. सैल राहिलेला एखादा बोल्ट किंवा फाटलेले एखादे ऑइल सील यांपासून त्यांची सुरुवात कित्येक दिवस आधी झालेली असते.

मालट्रकचा किंवा बसचा सारा भार ज्यावर उभा असतो तो सांगाडा, म्हणजे बोलीभाषेतील ‘चासी’, आडव्या ठेवलेल्या शिडीसारखा असतो. गाडीच्या लांबीइतके दोन पोलादी बाजूदांडे आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या एवढीच त्याची रचना. बाजूदांड्याचा छेद चौकोनी कंसासारखा, म्हणजे एका बाजूने उघडा असतो. चारही बाजूंनी बंद केलेली पेटी अधिक मजबूत झाली नसती का, असा प्रश्न साहजिकच पडतो. पण येथे केवळ मजबुतीने भागत नाही. खडबडीत रस्त्यावर एक चाक वर आणि दुसरे खाली जाते तेव्हा सांगाड्याला थोडा पीळ बसू द्यावा लागतो. उघडा छेद हा पीळ सहज सोसतो. बंद पेटी मुरडत नाही आणि मग सारा ताण सांध्यांवर येऊन तेथे तडे जातात. आडव्या पट्ट्या बहुधा वेल्डिंगने न जोडता रिव्हेटने किंवा बोल्टने जोडतात, त्यामागेही हेच कारण आहे.

भारामुळे दांडा वाकतो तेव्हा सर्वाधिक ताण त्याच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत असतो व उभ्या भागाच्या मध्यावर तो सर्वांत कमी असतो. म्हणून छिद्र पाडणे भागच असेल तर ते उभ्या भागात, कडांपासून दूर पाडावे, असे वाहन उत्पादकांच्या पुस्तिकांत बजावलेले असते. प्रत्यक्षात गाडीवर हौदा बांधताना वरच्या पट्टीला सरळ भोक पाडले जाते किंवा वेल्डिंगचा टाका मारला जातो. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा गुणधर्म त्या जागी बदलतो आणि पुढे तडा तेथूनच सुरू होतो.

सांगाडा आणि चाके यांच्यामध्ये पाटे असतात. एकावर एक रचलेल्या, वरून खाली आखूड होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांची ही जुडी बैलगाडीनंतर आलेल्या घोडागाड्यांपासून चालत आलेली आहे. सर्वांत लांब असलेल्या मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना वळवून ‘डोळे’ केलेले असतात. एक डोळा खिळीने सांगाड्याला पक्का असतो, तर दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्यावर असतो, कारण भार पडल्यावर पाटा सपाट होतो आणि त्याची लांबी वाढते. पाटे एकमेकांवर घासतात, त्या घर्षणाने हादरे काही प्रमाणात शमतात. त्यामुळे साधी पाटेजुडी ही स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर अशी दोन्ही कामे थोडीथोडी करते.

नव्या गाड्यांत पॅराबोलिक पाटे आढळतात. यात पाटा मध्यभागी जाड असतो व टोकांकडे निमुळता होत जातो. टोकापासूनच्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाडी ठेवली म्हणजे पाट्यात सर्वत्र सारखाच ताण येतो, आणि अशा जाडीची रेषा पॅराबोला असते. दहा-बारा पाट्यांचे काम त्यामुळे दोन-तीन पाट्यांत होते व वजनही घटते. मात्र आपसांतील घर्षण फारसे उरत नसल्याने शॉक अॅब्सॉर्बर चांगल्या स्थितीत असणे आवश्यक ठरते. हवेच्या गाद्यांचा, म्हणजे एअर सस्पेन्शनचा, अनुभव महाराष्ट्रातील पुष्कळ प्रवाशांना मुंबई-पुणे मार्गावरील शिवनेरी बसगाड्यांमुळे आला.

पाटे एक्सलवर आवळून धरतात ते यू-बोल्ट. पाट्यांच्या मधोमध जाणारा सेंटर बोल्ट केवळ जागा दाखवतो, भार धरत नाही. याबद्दल बराच गैरसमज दिसतो. यू-बोल्ट सैल झाला की पाटेजुडी मधोमध वाकू लागते, आणि सेंटर बोल्टसाठी पाडलेले छिद्र हीच पाट्याची सर्वांत कमकुवत जागा असल्याने पाटा बरोबर तेथेच तुटतो. सेंटर बोल्ट कापला गेला तर एक्सल जागचा सरकतो आणि गाडी तिरपी चालू लागते. तुटलेला पाटा हाती आल्यावर भंग मधल्या छिद्रावर आहे की टोकाकडे, एवढे पाहिले तरी कारणाचा निम्मा शोध लागतो. पाटे बदलल्यावर भरल्या गाडीने काही अंतर धावून यू-बोल्ट पुन्हा आवळणे आणि जुने, ताणले गेलेले यू-बोल्ट पुन्हा न वापरणे, हे नियम जेवढे साधे आहेत तेवढेच दुर्लक्षित आहेत.

जास्त माल भरता यावा म्हणून जादा पाटा घालण्याची पद्धत जुनीच आहे. त्याने गाडी मागे बसत नाही हे खरे, पण भार नाहीसा होत नाही. पाटे ताठ झाल्याने खड्ड्याचा हादरा अधिक तीव्रतेने सांगाड्याकडे आणि बेअरिंगकडे जातो. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरील भाराची मर्यादा वाढवली. मागच्या चार टायरच्या एकेरी एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन आणि दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण अनुज्ञेय वजन १६.२ टनांवरून १८.५ टन झाले. वाढीव मर्यादेवरही आणखी माल लादला जात असेल, तर त्याचा हिशेब बेअरिंग देते.

चाकाच्या हबमध्ये शंकूच्या आकाराच्या रोलरांची दोन बेअरिंगे परस्परांच्या विरुद्ध दिशेने बसवलेली असतात. हे बेअरिंग अमेरिकेतील सेंट लुईस येथील घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकेन यांच्या नावाशी जोडलेले आहे. त्याचे पेटंट त्यांना १८९८ मध्ये मिळाले. वळणावर गाडीचे चाक बाजूलाही रेटले जाते आणि साधे रोलर तो रेटा घेऊ शकत नाहीत, ही त्यांची मूळ अडचण होती. निमुळत्या रोलरांनी वरचा भार आणि बाजूचा रेटा दोन्ही पेलले.

रोलर बेअरिंगचे आयुष्य भाराच्या साधारण ३.३३ व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. याचा अर्थ असा, की भार सव्वापट झाला तर आयुष्य निम्म्याहूनही कमी होते. वीस-पंचवीस टक्के जादा माल ‘गाडी सहज ओढते’ असे म्हणणाऱ्याच्या नजरेस हा तोटा पडत नाही, कारण तो त्या फेरीत दिसत नाही.

बेअरिंगची जुळणी हा वेगळाच विषय आहे. हबचा नट फार आवळला तर बेअरिंग तापते, सैल ठेवला तर चाक डगमगते व सील घासून जाते. अवजड वाहनांसाठी अमेरिकेत रूढ असलेली मर्यादा ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर आहे, म्हणजे चाकाला मोकळीक जेमतेम एका केसाच्या जाडीची. ती डायल गेजने मोजायची असते. अंदाजाने ‘आवळून पाव फेरा मागे’ करण्यात अनुभवी हात क्वचित चुकतो, पण नवखा हात हमखास चुकतो.

या सर्वांत स्वस्त भाग म्हणजे ऑइल सील. धातूच्या कड्यात बसवलेली रबराची पातळ ओठासारखी कडा आणि तिला दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग, एवढेच त्याचे स्वरूप. आत ग्रीस किंवा तेल राखणे आणि बाहेरचे पाणी व धूळ अडवणे, ही दोन्ही कामे त्याच्याकडे असतात. बोरघाट किंवा खंबाटकी उतरताना सतत ब्रेक लावल्याने ड्रम तापतात, ती उष्णता हबपर्यंत पोहोचते, ग्रीस पातळ होते आणि रबर कडक होऊन तडकते. मग दोन्ही बाजूंनी हानी सुरू होते. गळलेले तेल ब्रेक लायनरवर पसरल्याने त्या चाकाचा ब्रेक लागत नाही व गाडी एका बाजूस ओढते. इकडे बेअरिंग कोरडे पडून जळते आणि अखेर हबसह चाक निखळते.

सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर दोष दरवेळी सीलचाच असतो असे नाही. एक्सलच्या घरावर हवा जाण्यासाठी एक छोटी नळी असते. ती चिखलाने बुजली की तापलेल्या तेलाचा दाब आत कोंडतो आणि तो नव्या सीलमधूनही वाट काढतो. फडक्याने पुसण्याच्या या कामाअभावी काही गाड्यांची सीले वर्षातून तीन-तीनदा बदलली जातात.

घाट उतरून गाडी थांबली की जाणते चालक प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन पाहतात, टेकवत नाहीत. सर्व हब सारखेच गरम असतील तर ती ब्रेकची उष्णता समजावी. एकच हब इतरांहून अधिक तापला असेल, किंवा टायरच्या आतल्या बाजूस तेलाचे ओघळ दिसत असतील, तर ते चाक उघडल्याशिवाय गाडी पुढे नेऊ नये.