अंबोनचा अंध शंखसंग्राहक

इ.स. १६७० मध्ये अंबोन बेटावरील एका माणसाची दृष्टी कायमची गेली. सतराव्या शतकातील सागरी जीवांविषयीचा एक थोर ग्रंथ मात्र अजून त्याच्या हातून पुरा व्हायचा होता.

त्याचे नाव गेऑर्ग एबरहार्ड रुम्फियस. जन्माने जर्मन, चाकरी डच ईस्ट इंडिया कंपनीची. आपल्या वेंगुर्ल्यात वखार घालणारी हीच ती कंपनी! १६५४ च्या सुमारास तो आजच्या इंडोनेशियातील या बेटावर आला. कंपनीला तिथली लवंग हवी होती. रुम्फियसला तिथली झाडे आणि तिथला समुद्र खुणावत होता.

त्या काळी युरोपातील धनिकांना शंखांचे विलक्षण वेड होते. दूरदेशीचे दुर्मीळ शंख घासूनपुसून, चकचकीत करून दिवाणखान्यात मांडले जात. आतला जीव कसा होता, याची चौकशी फारसे कोणी करत नसे. रुम्फियसने नेमकी तीच केली. प्राणी कोठे राहतो, कसा हालतो, बेटावरचे लोक त्याला काय म्हणतात, तो खाण्याजोगा आहे की घातक, हे सारे तो टिपत गेला. बांदा बेटावरील एका गुलाम स्त्रीची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. जाळ्यात आलेला एक शंकूच्या आकाराचा सुंदर शंख तिने मुठीत धरला. हाताला किंचित खाज सुटली, ती अंगभर पसरली आणि तिचा प्राण गेला. या जातीची गोगलगाय विषारी दंश करते, हे आज सर्वज्ञात आहे.

दृष्टी गेल्यावर इतरांच्या डोळ्यांनी आणि स्वतःच्या स्पर्शाने काम चालू राहिले. मग आपत्तींची रांगच लागली. १७ फेब्रुवारी १६७४ च्या भूकंपात पत्नी सुझाना लेकीसह भिंतीखाली गाडली गेली. १६८२ मध्ये आयुष्यभर जमवलेला संग्रह टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला विकावा लागला. १६८७ च्या आगीत ग्रंथ, हस्तलिखिते आणि चित्रे भस्मसात झाली. रुम्फियसने काम तरीही सोडले नाही.

‘अंबोनचे नवलसंग्रहालय’ अशा अर्थाचे नाव असलेला त्याचा डच ग्रंथ १७०५ मध्ये ॲमस्टरडॅमला छापला गेला. रुम्फियस १७०२ मध्येच अंबोनला वारला होता. पुरेशी चित्रे हाताशी नव्हती. म्हणून संपादक सायमन स्खेनफूट याने हॉलंडमधील संग्राहकांच्या कपाटांतले शंख चित्रांसाठी मिळवले. त्यांतील पुष्कळ चित्रे मारिया सिबिला मेरियन या प्रख्यात चित्रकर्तीच्या हातची आहेत. शब्द अंबोनच्या किनाऱ्यावरचे, पण चित्रांतले अनेक शंख रुम्फियसच्या बोटांखालून कधी गेलेलेच नव्हते.

पुढे लिनियसने जीवांना शास्त्रीय नावे देताना या ग्रंथातील चित्रांचे वारंवार दाखले दिले. त्यामुळे आजही एखाद्या शंखाचे नाव तपासणारा अभ्यासक कधीकधी शेवटी हॉलंडमधल्या कुण्या हौशी माणसाच्या कपाटापाशी येऊन पोहोचतो.