गुरूची सही, शिष्याचे मत

श्रोतेहो, पाटीवर मुळाक्षरे गिरवणाऱ्या पोराचा हात धरणारे गुरुजी तुम्ही गावोगाव पाहिलेत. तुमच्यापैकी कित्येकजण तर ते काम रोज करता. पण तेच पोर मोठे होऊन विद्यापीठात प्रबंध लिहायला बसले, म्हणजे त्याचा हात कोणी धरायचा? आणि धरायचा तरी किती? बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत याचे चांगले उत्तर सापडते.

1913 साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करशास्त्राचे मोठे जाणकार प्रोफेसर सेलिग्मन हे त्यांचे मार्गदर्शक. 1916 च्या मे महिन्यात तेथेच डॉ. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात भीमरावांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. अशा वर्गाची रीत साधी असते. विद्यार्थ्याने लिहावे, सर्वांदेखत वाचावे, विचारतील त्याला उत्तर द्यावे. कच्चा दुवा असेल तर तो तिथल्या तिथे उघडा पडतो. भीमरावांचा निबंध पुढच्याच वर्षी छापूनही आला.

मग ते लंडनला गेले. सेलिग्मननी तिकडच्या प्राध्यापकांना शिफारसपत्रे लिहिली. पण शिष्यवृत्ती संपली आणि 1917 साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. महायुद्धाचे दिवस. सामान ज्या बोटीवर होते ती टॉर्पेडोने बुडाली आणि प्रबंधाचे हस्तलिखित समुद्राच्या तळाशी गेले. विचार करा, तुमच्याआमच्या उमेदीचे काय झाले असते?

1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. 1922 मध्ये तेथून त्यांनी सेलिग्मनना पत्र धाडले, हस्तलिखित बुडाल्याची हकीकत कळवली आणि नवा प्रबंध लिहून काढल्याचे सांगितले. मध्ये पाच वर्षे गेली, सातासमुद्रांचे अंतर पडले, तरी शिष्याला गुरूचे दार ठोठावता आले. पुढे 1925 साली प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. त्याची प्रस्तावना सेलिग्मन यांचीच. 1927 साली कोलंबियाची डॉक्टरेट मिळाली.

लंडनची कथा याहून बोलकी आहे. तेथे प्रोफेसर एडविन कॅनन मार्गदर्शक होते आणि विषय होता रुपयाचा प्रश्न. हिंदुस्थान सरकारच्या चलनपद्धतीवर भीमरावांनी सडकून टीका केली होती. 1923 च्या मार्चमध्ये परीक्षकांनी प्रबंध आहे तसा स्वीकारला नाही. त्यांनी तो सुधारून पुन्हा दिला आणि त्याच वर्षी डी. एस्सी. पदवी मिळवली. प्रबंध पुस्तकरूपाने निघाला तेव्हा कॅनन यांनी प्रस्तावनेत स्वच्छ लिहिले, की त्या चलनपद्धतीविषयीचा लेखकाचा रोष मला नाही, त्याचे बहुतेक युक्तिवादही मला पटत नाहीत. पण काही घाव अगदी वर्मी बसले आहेत, हेही त्यांनी मोकळेपणी मान्य केले.

शिक्षकबंधूंनो, यातले मर्म ध्यानात घ्या. कॅनन यांनी शिष्याचे मत खोडून आपले घातले नाही, की मतभेद लपवलाही नाही. वहीवर लाल रेघ ओढणे सोपे असते. ‘मला हे पटत नाही, पण तुझे म्हणणे नीट मांड’ असे म्हणून त्याच पानाखाली आपली सही करणे अवघड. उद्या निबंधाच्या वह्या तपासायला घ्याल, तेव्हा एका तरी पोराला पुसून पाहा: बाळ, तुला इथे नेमके काय म्हणायचे आहे?