आखूड शेपटीचे कूळ

26 जुलै 2005च्या महापुरानंतर मुंबईत घरोघरी पोहोचलेला लेप्टो हा आजार आणि न्यूझीलंडच्या कुरणात चरणाऱ्या गाईचे तोडलेले शेपूट यांचे नाते असेल, असे कुणाच्या मनातही येणार नाही. पण ते आहे, आणि दुभत्या गाईचे शेपूट तोडण्याच्या चालीचे कूळ शोधायचे तर तिथूनच निघावे लागते. मुंबईत लेप्टोस्पायरोसिस पसरला तो उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून. न्यूझीलंडमध्ये तो धार काढणाऱ्यांना गाईच्या मूत्रातून होई. दूधधंद्यातला ताप म्हणूनच तिथे त्याची ओळख होती. मूत्राने भिजलेले शेपूट तोंडावर बसले की जंतू डोळ्यांतून, नाकातोंडातून किंवा कातडीवरच्या जखमेतून शरीरात शिरतील, अशी भीती होती. ती खोटी नव्हती, कारण लेप्टो खरोखर याच वाटांनी शिरतो. तेव्हा शेपूटच नको, असे ठरले. वासराच्या किंवा कालवडीच्या शेपटीला घट्ट रबरी रिंग चढवायची, खालचा रक्तपुरवठा तुटतो, तो भाग वाळतो आणि काही आठवड्यांत गळून पडतो. कित्येकदा शेपटीचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग असा जाई.

चालीचे हे सर्वमान्य मूळ आहे, पण पुराव्याला ते टिकत नाही. मानावाटू भागातल्या दूधशेतीवर काम करणाऱ्यांची लेप्टोसाठी तपासणी झाली आणि 1982 साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गाईंची शेपटे तोडलेली असोत वा नसोत, त्यांच्या धारा काढणाऱ्यांच्या संसर्गात फरक आढळला नाही. कारण उघड आहे. मूत्राचे शिंतोडे गाय उभ्याउभ्या मुतते तेव्हाच उडतात. त्यांना शेपटीची गरज नाही. तिथला हा ताप हटवण्यात मोठा वाटा गाईंच्या लसीकरणाचा आहे. मग रोगाशी फारसा संबंध नसलेली ही चाल पुढेही का टिकली आणि समुद्र ओलांडून अमेरिकेत का पोहोचली?

माझे उत्तर असे, की शेपूट नकोसे झाले ते तापामुळे नव्हे, तर गोठ्याच्या रचनेमुळे. जुन्या पद्धतीत माणूस गाईच्या कुशीला बसून धार काढी. शेपूट एका बाजूला राही. 1952 साली वायकाटोतल्या गॉर्डन्टनच्या रॉन शार्प यांनी हेरिंगबोन पद्धतीची शेड उभारली. तीत गाई तिरप्या ओळीत उभ्या राहतात आणि त्यांची मागची बाजू मधल्या चराकडे असते. चरात माणूस ताठ उभा राहतो, कास त्याच्या हाताच्या उंचीवर येते, पाठ वाकवावी लागत नाही. माणसाच्या कंबरेसाठी हे वरदानच होते; पण शेणामुताने माखलेला शेपटीचा गोंडाही त्याच रचनेने नेमका त्याच्या तोंडासमोर आणून ठेवला. 1969 साली तारानाकीतल्या एल्टमच्या मर्व्ह हिक्स यांनी फिरत्या चौथऱ्याची शेड बनवली; तीतही बाहेर उभा असलेला माणूस गाईच्या मागेच असतो. अमेरिकेतल्या समांतर रचनेच्या पार्लरमध्ये तर गाईच्या मागच्या दोन पायांमधून हात घालून सडांना यंत्राचे कप लावावे लागतात, म्हणजे शेपूट थेट हाताच्या आड येते. अशा पार्लरच्या देशात ही चाल रुजली, हा मला योगायोग वाटत नाही.

यावर एक सबळ आक्षेप आहे. हेरिंगबोन युरोपभर पसरली, तरी ब्रिटन, डेन्मार्क, जर्मनी, स्वीडन इथे दुभत्या गाईचे शेपूट तोडायला कायद्याने बंदीच झाली. रचना हेच कारण असते तर तिथेही शेपटे गेली असती. आक्षेप खरा आहे, म्हणून मी माझ्या मताला एक जोड देतो: रचनेने फक्त अडचण निर्माण केली, तोडगा मेंढ्यांकडून आला. न्यूझीलंड हा मेंढ्यांचा देश. लोकरीला लेंड्या चिकटून माश्यांनी तिथे अंडी घालू नयेत म्हणून कोकरांची शेपटे तोडण्याचा तिथे जुना रिवाज आहे, आणि त्याचे हत्यार हीच रबरी रिंग. हात सरावलेला, रिंग हाताशी, वर रोगाचे सबळ दिसणारे निमित्त. मेंढीचा उपाय गाईला लावताना एक गोष्ट मात्र विसरली गेली: कोकराचे शेपूट तोडतात ते कोकराला माश्यांपासून वाचवण्यासाठी, गाईचे शेपूट तोडले की तिचे माश्यांपासूनचे संरक्षणच जाते.

समर्थक म्हणतात, की रिंगेची वेदना थोडी आणि थोड्याच काळाची असते, शिवाय कास स्वच्छ राहते. वेदनेबद्दल त्यांचे म्हणणे काही अंशी मान्य करता येईल. वासरांची अस्वस्थता फार काळ दिसत नाही. पण नुकसान त्या दिवसापुरते नसते. शेपूट तोडलेल्या गाईंच्या मागच्या भागावर जास्त माश्या बसतात आणि त्या पाय जास्त आपटतात, असे निरीक्षणांत दिसले आहे. हा जाच आयुष्यभराचा. स्वच्छतेचा दावा तर उरतच नाही. 2001 साली कॅनडातल्या आणि 2002 साली विस्कॉन्सिनमधल्या अभ्यासांत शेपूट असलेल्या व नसलेल्या गाईंच्या स्वच्छतेत किंवा कासेच्या आरोग्यात लक्षणीय फरक आढळला नाही. कास घाण होते ती बसायच्या जागेमुळे. धार काढणाऱ्याचा त्रास मात्र खरा आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. त्यावर गोंड्याचे केस वेळोवेळी कातरणे हा पुरेसा उपाय आहे: केस पुन्हा वाढतात, शेपटीचे मणके वाढत नाहीत.

कॅलिफोर्नियाने 2010पासून ही चाल बंद केली. जिथे ती रुजली त्या न्यूझीलंडनेही 1 ऑक्टोबर 2018पासून तिच्यावर बंदी घातली. आपल्या 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात शिंगे काढणे, खच्ची करणे, डाग देणे आणि वेसण घालणे यांना विहित पद्धतीने सूट आहे. त्या यादीत शेपूट तोडणे नाही. महाराष्ट्रात आता यंत्राने धारा काढणारे मोठे गोठे उभे राहत आहेत आणि त्यांच्याबरोबर परदेशी रचनाही येतील. त्या उभारणाऱ्यांनी चर कितीही खोल घ्यावा, पण यंत्राच्या सोयीसाठी गाईचा अवयव कमी करू नये.