प्रस्तावना : गळ, पीस आणि व्हाइस

1496 साली वेस्टमिन्स्टरला विंकिन द वर्ड या मुद्रकाने ‘बुक ऑफ सेंट अल्बन्स’ नव्याने छापले आणि त्यात गळाने मासे धरण्यावरचा एक निबंध घातला. परंपरेने तो डेम ज्युलियाना बर्नर्स यांच्या नावावर चालतो, मात्र त्याला भक्कम पुरावा नाही. त्यात गळ घडवण्याच्या हत्यारांची यादी आहे: कानस, चिमटा, छोटी ऐरण, हातोडी आणि गळाची तार धरून ठेवणारी एक लहानशी लोखंडी पकड. पुढे बारा कृत्रिम माश्या येतात. कोणती लोकर, कोणत्या पक्ष्याचे पीस, हे सगळे त्यात सांगितले आहे. तिथे पकडीचा उल्लेख मात्र येत नाही. गळ घडवायला पकड लागत होती, पण त्यावर माशी बांधण्याचे काम बोटांवर सोपवलेले होते.

ज्या वाचकांना माशी बांधण्याच्या विद्येत पहिले पाऊल टाकायचे आहे, त्यांनी हा तपशील मनात ठेवावा. व्हाइस, म्हणजे बांधताना गळ धरून ठेवणारी पकड, नव्हता तेव्हाही उत्तम माश्या बांधल्या जात होत्या, आणि व्हाइस आल्यावरही कित्येक जाणत्यांनी तो वापरला नाही. अमेरिकेतल्या मेन राज्यात, अपर डॅमजवळ राहणाऱ्या कॅरी स्टीव्हन्स यांनी 1920 च्या दशकात ‘ग्रे घोस्ट’ ही लांब पिसांची माशी बांधली. ती आजही ट्राउट आणि सॅमन धरणाऱ्यांच्या डबीत असते. कॅरीबाई गळ हाताच्या बोटांतच धरत. नावाजलेले माशी बांधणारे ली वुल्फही तसेच काम करत. म्हणजे व्हाइस कौशल्य देत नाही. तो एक हात मोकळा करतो, गळ हलू देत नाही आणि डोळ्यांना एका जागी टेकू देतो. निवडतानाही त्याच्याकडून एवढेच मागावे. ते मात्र पुरेपूर मागावे.

सगळ्यात आधी जबडा बघावा. इलिनॉयमधल्या एल्जिनच्या थॉम्पसन कंपनीचा ‘मॉडेल ए’ ज्या रचनेमुळे घरोघरी पोचला, ती साधी आहे. खिटी दाबली की जबड्याची दांडी मागे ओढली जाते, तिचे तोंड गोल कड्यात शिरते आणि दोन्ही ओठ मिटतात. गळाची जाडी बदलली की कडे थोडे पुढे-मागे करायचे. दुसरी रचना रीगल व्हाइसची. त्यात भक्कम स्प्रिंग जबडा सदैव मिटलेला ठेवते, मूठ आवळली की तो उघडतो, आणि जाडीप्रमाणे काही जुळवावे लागत नाही. एका बैठकीत वेगवेगळ्या मापांचे गळ हाताळणाऱ्याला ही दुसरी रचना फार सोयीची पडते. पहिलीचे पोलाद चांगले असेल तर ती आयुष्यभर साथ देते. पोलाद मऊ असेल तर जाड गळ ओठांवर खाच पाडतो, आणि मग त्या खाचेत बारीक गळ कधीच घट्ट बसत नाही. अशा व्हाइसने नवशिक्याचा हात बिघडतो. गळ फिरतो म्हणून तो दोरा सैल ठेवायला शिकतो, आणि ती सवय पुढे जाता जात नाही.

म्हणून आपण काय बांधणार, हे आधी ठरवावे. गळांचे क्रमांक उलटे चालतात: आकडा वाढेल तसा गळ लहान. 28 क्रमांकाचा गळ तांदळाच्या दाण्याहून छोटा असतो. त्याला निमुळता जबडा हवा, नाहीतर दांडीजवळ बोट शिरायलाच जागा उरत नाही. जिगची, म्हणजे शिशाच्या डोक्याच्या गळाची, गोष्ट वेगळी. तिथे गळाचे नेढे दांडीशी साठ किंवा नव्वद अंशांत वळलेले असते आणि त्याच्याशी शिशाचे डोके ओतलेले असते. क्रॅपीसारख्या लहान माशासाठी ते 1/32 औंसाचे, म्हणजे जेमतेम एक ग्रॅमचे असते, मोठ्या माशांसाठी कित्येक पट जड. या शिशामुळे पाण्यात गळाचे टोक वर राहते आणि तळाच्या दगडांत कमी अडकते. बांधणाऱ्याला मात्र ते वजन जबड्याबाहेर लोंबकळत ठेवून काम करावे लागते. त्यावर हरणाच्या शेपटीचे केस बसवायचे तर दोऱ्याला चांगलाच ताण द्यावा लागतो. बारीक माश्यांसाठी केलेला नाजूक जबडा इथे हार खातो. 2/0 चा जाड गळ ज्याच्या तोंडात सहज मावतो असाच व्हाइस जिगवाल्याने घ्यावा, मग तो दिसायला ओबडधोबड का असेना.

फिरत्या व्हाइसचे आकर्षण सगळ्यांनाच असते. रेन्झेटीसारख्या खऱ्या फिरत्या व्हाइसमध्ये गळाची दांडी फिरण्याच्या आसावर बरोबर येते, त्यामुळे हात स्थिर ठेवून गळच फिरवता येतो आणि जर किंवा शेनीलचे वेढे एकसारखे बसतात. माझ्या मते त्याचा खरा उपयोग निराळा आहे. माशीची पलीकडची बाजू मान न वळवता दिसते. पीस तिरके बसले असेल तर ते तिथेच कळते.

पिसांवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘ग्रे घोस्ट’च्या गालावर जे पांढुरके-पिवळे, मेणासारखे चकाकणारे ठिपके असतात, ते आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे. व्हिक्टोरियन काळातल्या कित्येक सॅमन माश्यांचे डोळेही त्याच पिसांचे. सॅमन आणि ट्राउटच्या या हौसेपायी आपल्या रानातले पक्षी मारले गेले. आता या पक्ष्याला भारतात कायद्याचे संरक्षण आहे, आणि परदेशी बांधणारे पाळीव पैदाशीची पिसे किंवा नकली ठिपके वापरतात. आपणही तेच करावे.

दुकानात व्हाइस हातात आला की आपल्या नेहमीच्या मापाचा गळ सोबत असू द्या. वाकाचा खालचा भाग जबड्यात धरा, टोक बाहेर ठेवा, म्हणजे टोकावर दाब येणार नाही. मग अंगठ्याने नेढे खाली दाबा. तार लवली पाहिजे, गळ फिरता कामा नये. हेच सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक गळावर करून पाहा. बैठकीची निवड त्यानंतर. टेबलाच्या कडेला आवळणारा शिकंजा घट्ट बसतो, पण प्रत्येक टेबल त्याला मानवत नाही. जड पाट असलेली बैठक कुठेही नेता येते, पण दोरा ओढताना ती सरकते का, ते तिथेच ओढून बघा.